वहीतली पत बँकेच्या दप्तरी: खानदेशातील नवख्यांसाठी क्रेडिट कार्डाची वाट

माझा भाचा अमळनेर तालुक्यातला असून जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका दालमिलमध्ये हिशेबाचे काम करतो. त्याच्या घराण्याची पत चांगली आहे याबद्दल गावात कोणी शंका घेणार नाही. कृषी केंद्रवाला त्याच्या वडिलांना मे महिन्यात बियाणे आणि खते वहीत मांडून देतो आणि कापूस विकला गेला की दिवाळीनंतर हिशेब चुकता होतो. गेली वीस वर्षे हा व्यवहार एकाही कागदावर सही न होता चालू आहे. अशा घरातल्या मुलाने दोन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला, तेव्हा त्याला चार ओळींचे उत्तर आले की, आपला कर्जफेडीचा इतिहास उपलब्ध नसल्यामुळे अर्ज मंजूर करता येत नाही. त्याला ते अपमानास्पद वाटले. वस्तुतः त्यात अपमान काही नव्हता. त्याच्या घराची पत खरीच होती. मात्र ती कृषी केंद्राच्या वहीत होती आणि बँक ज्या वहीत पाहते तिथे त्याच्या नावाचे पान कोरे होते. ते पान कसे भरायचे, आणि ते भरल्यानंतर खरेदीवर पॉइंट किंवा काही पैसे परत देणाऱ्या रिवॉर्ड कार्डाकडे कोणत्या हिशेबाने पाहायचे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

बँक ज्या वहीत पाहते ती वही भारतात चार कंपन्या लिहितात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांतली सिबिल सर्वांत जुनी असून ती २००० साली स्थापन झाली; त्यामुळेच आपल्याकडे स्कोअर कोणत्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला 'सिबिल' म्हणतात. या कंपन्यांचे कामकाज २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते. बँका, वित्तसंस्था आणि नागरी सहकारी बँका आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांच्याकडे पाठवतात आणि त्या माहितीवरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा, म्हणजेच स्कोअर, निघतो. साधारणपणे ७५० च्या पुढचा आकडा बँका चांगला मानतात. ज्याच्या नावावर काहीच नोंद नाही त्याला आकडाच मिळत नाही. सिबिलच्या अहवालात तिथे उणे एक किंवा 'एनएच', म्हणजे 'नो हिस्टरी', असे दिसते. भाच्याची गत तीच होती.

आधी स्वतःचा अहवाल वाचावा

अर्ज करण्यापूर्वी अहवाल वाचणे ही पहिली पायरी असून नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि मोबाइलवर आलेला ओटीपी दिला की अहवाल उघडतो. तिथे सशुल्क वर्गणीचे पर्याय ठळकपणे आणि विनामूल्य अहवालाचा दुवा बारीक अक्षरांत असतो, एवढे ध्यानात ठेवावे. चार कंपन्या असल्याने दर तीन महिन्यांनी एकीचा अहवाल घेतला तर वर्षभर लक्ष राहते आणि एक रुपयाही लागत नाही. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर घटत नाही. आपण कर्जासाठी किंवा कार्डासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तिची नोंद मात्र राहते. अशा चौकश्या थोड्या काळात पाच-सहा झाल्या की माणूस पैशासाठी दारोदार हिंडतो आहे असा अर्थ काढला जातो. एका बँकेने नकार दिला म्हणून रागाच्या भरात त्याच आठवड्यात आणखी चार ठिकाणी अर्ज करू नयेत, ते यासाठी.

अहवालात पहिल्यांदा नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ते तपासावेत. आपल्याकडे हा भाग विशेष काळजीने पाहावा लागतो, कारण एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांच्याही त्याच नावाचे आणि अर्थातच पाटील आडनावाचे चार-पाच जण सहज सापडतात. जुन्या कर्जांमध्ये पॅन नोंदवलेला नसेल, तर दुसऱ्या पाटलाचे ट्रॅक्टरचे कर्ज आपल्या अहवालात येऊन बसल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे नाव यांमुळे नोंदी दोन जागी विखुरतात.

त्यानंतर खात्यांची यादी येते. प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात आणि त्या चौकोनांत त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेले असते. तिथे तीन शून्ये असतील तर हप्ता वेळेवर गेला. ०३० असेल तर तीस दिवस उशीर झाला. चौकोनांच्या वर खात्याची स्थिती दिलेली असते. 'क्लोज्ड' म्हणजे कर्ज पूर्ण फिटले. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून देऊन तडजोड केली. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने वसुलीची आशा सोडून ते बुडीत धरले. मधला शब्द फसवा आहे. वसुली अधिकारी "साठ हजार भरा, विषय संपवू" म्हणतो, माणूस समाधानाने साठ हजार भरतो, आणि विषय संपला असे त्याला वाटत असतानाच पुढची कित्येक वर्षे बँका तो शब्द वाचून अर्ज बाजूला ठेवतात. शेतीकर्जाच्या बाबतीत, विशेषतः कर्जमाफीत बसलेल्या खात्यांच्या बाबतीत, खाते बंद झाल्याची नोंद खरोखर पुढे गेली आहे का, हे बँकेच्या निल दाखल्याशी, म्हणजे बाकी नसल्याच्या दाखल्याशी, ताडून पाहावे. दाखला घरच्या पेटीत आणि अहवालात थकबाकी तशीच, असे चित्र दुर्मीळ नाही.

आणि मग जामीनकी. खानदेशात जामीन राहणे हा नात्याचा आणि शब्दाचा भाग समजला जातो. साडूने कागद पुढे केला की कोणी तो वाचत बसत नाही. भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल, तर ते कर्ज तुमच्या अहवालात जामीनदार या शिक्क्यासह दिसते आणि ते थकले तर तुमचीही पत खालावते. पतसंस्थांचे तसे नाही. त्या सहकार खात्याकडे नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसतात, आणि तिथले कर्ज बहुतेक वेळा या अहवालांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे तिथे दहा वर्षे चोख परतफेड केली तरी तिचा इथे उपयोग होत नाही. हे अन्यायाचे वाटते, आणि थोडेसे आहेही.

चूक आढळली तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा संबंधित बँकेत लेखी तक्रार करावी. तिचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे आणि त्याहून उशीर झाला तर तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला या व्यवहारात काही किंमत नाही.

पहिले कार्ड ठेवीवरचे घ्यावे

कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहिण्याचे दोन-तीन मार्ग आहेत. दुकानातून हप्त्यांवर फ्रीज किंवा मोबाइल घेतला तर तेही कर्जच असते आणि त्याची नोंद होते. सोनेतारण कर्जाचीही होते. परंतु केवळ नोंद व्हावी म्हणून नको असलेली वस्तू घेणे किंवा नको असलेले व्याज भरणे मला पटत नाही. ज्याला नियमित पगार आहे आणि फॉर्म १६ मिळतो, त्याने प्रथम आपले पगाराचे खाते असलेल्या बँकेत विचारावे, कारण त्या बँकेला त्याची आवकजावक दिसत असते. ज्याचे उत्पन्न शेतीचे आहे, जो आयकराचे विवरणपत्र भरत नाही, किंवा ज्याचा पगार निम्मा रोखीने हातात पडतो, त्याच्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

याची पद्धत सोपी आहे. बँकेत मुदत ठेव करायची, बँक ती ठेव तारण म्हणून अडकवून ठेवते आणि ठेवीच्या बहुधा ७५ ते १०० टक्के मर्यादेचे कार्ड देते. उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि ठेवीवरचे व्याज चालू राहते. भाच्याने २५,००० रुपयांची ठेव केली आणि त्याला २०,००० रुपये मर्यादेचे कार्ड मिळाले. अर्ज करताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात: वार्षिक शुल्क आहे काय, ठेवीची मुदत संपल्यावर ती आपोआप नूतनीकृत होते काय, कार्ड बंद केल्यावर ठेव किती दिवसांत मोकळी होते, आणि या कार्डाची माहिती चारही कंपन्यांकडे जाते काय. शेवटच्या प्रश्नाला शाखेतल्या कर्मचाऱ्याने ठाम उत्तर दिले नाही तर तो ईमेलने विचारावा. अहवालात न दिसणारे कार्ड आपल्या कामाचे नाही.

किसान क्रेडिट कार्ड हे नाव सारखे असल्यामुळे घोटाळा होतो, म्हणून त्याविषयी येथेच सांगतो. १९९८ साली सुरू झालेली ती योजना पीककर्जाची आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज आणि वेळेवर फेडल्यास तीन टक्के सवलत, म्हणजे प्रत्यक्षात चार टक्के पडतात; राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने हा भार आणखी उतरतो. क्रेडिट कार्डाचा व्याजदर बहुतेक बँकांत महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असतो आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ५०,००० रुपयांची खते आणि बियाणे मे महिन्यात कार्डावर घेऊन नोव्हेंबरात कापसाच्या पैशांतून फेडायची ठरवली, तर सहा महिन्यांचे साधे व्याज १०,५०० रुपये आणि जीएसटी धरून १२,३९० रुपये होते. तीच रक्कम चार टक्क्यांच्या पीककर्जातून उचलली तर व्याज १,००० रुपये. शेतीचा पैसा हंगामाने येतो आणि कार्डाचे बिल महिन्याने. या दोन घड्याळांचे कधी जुळत नाही. शेतकऱ्याने कार्ड घ्यावे, जरूर घ्यावे, पण त्यावर किराणा आणि मोबाइलचे रिचार्ज चालवावे, हंगाम चालवू नये.

बिलाची तारीख आणि भरण्याची तारीख

कार्डाच्या व्यवहारात खरेदीची, बिलाची आणि भरण्याची अशा तीन तारखा असतात आणि त्या समजल्या की अर्धे काम झाले. समजा, दर महिन्याच्या ५ तारखेला बिल निघते. ६ जून ते ५ जुलै यांमधली सर्व खरेदी ५ जुलैच्या बिलात येते आणि ते भरण्यासाठी २५ जुलैपर्यंत मुदत मिळते. ६ जूनला केलेल्या खरेदीला अशा रीतीने जवळपास पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात आणि ५ जुलैला केलेल्या खरेदीला वीसच. मोठी खरेदी करायची असेल तर ती बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, ही यातली साधी युक्ती आहे. बिलाची तारीख आपल्या पगाराच्या तारखेला सोयीची नसेल, तर ती बदलून मागण्याचा अधिकार कार्डधारकाला आहे.

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात: एकूण देय आणि किमान देय. किमान देय ही बहुधा एकूण रकमेच्या पाच टक्क्यांच्या जवळपास असते आणि ती भरली की विलंब शुल्क लागत नाही. सगळा धोका या दुसऱ्या ओळीत आहे. मी स्वतः पहिले कार्ड घेतले तेव्हा बँकेच्या अर्जातल्या आपोआप वजावटीच्या रकान्यात किमान रकमेवर खूण झाली होती; ती मी केली की समोरच्या मुलाने, आज आठवत नाही. चार महिने माझ्या खात्यातून दरमहा पैसे जात होते आणि मी निर्धास्त होतो. बिल उघडून वाचले ते पाचव्या महिन्यात.

काय घडते ते आकड्यांनी पाहू. १० जूनला २०,००० रुपयांची खरेदी झाली, ५ जुलैला बिल आले आणि २५ जुलैला तुम्ही किमान रक्कम म्हणून १,००० रुपये भरले. पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज २५ जुलैपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून, तेही संपूर्ण २०,००० रुपयांवर मोजले जाते. वर्षाला ४२ टक्के या दराने १० जून ते २५ जुलै या ४५ दिवसांचे सुमारे १,०३६ रुपये आणि उरलेल्या १९,००० रुपयांवर ५ ऑगस्टपर्यंतच्या ११ दिवसांचे सुमारे २४० रुपये. त्यावर जीएसटी सुमारे २३० रुपये. ऑगस्टचे बिल २०,५०६ रुपयांचे येते. हजार रुपये भरून देणे पाचशेने वाढले. शिवाय या काळात केलेल्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. सोसायटीचे कर्ज नवे-जुने करण्याची सवय असलेल्या माणसाला किमान देय ओळखीचे वाटते. फरक एवढाच की, तिथे सवलतीचे व्याज असते आणि इथे बेचाळीस टक्के.

या व्याजावर तीस टक्क्यांची मर्यादा असावी असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. म्हणून आपोआप वजावट नेहमी 'एकूण देय' रकमेची लावावी आणि त्या तारखेला बचत खात्यात पैसे आहेत याची दोन दिवस आधी खात्री करावी. एखाद्या वेळी तारीख चुकलीच तर लगेच भरावे: शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय बँकेने खाते थकीत म्हणून कळवू नये आणि विलंब शुल्कही लावू नये, असा नियम आहे. कार्डाने एटीएममधून रोख काढू नये. त्यावर शुल्क वेगळे लागते आणि व्याज त्याच दिवसापासून धावू लागते.

पहिले वर्ष

पहिल्या वर्षात कार्डाने काही मिळवायचे नसते. दरमहा दोन-चार ठरलेले खर्च कार्डावर ठेवावेत, बाकीचे पूर्वीसारखेच चालू द्यावेत. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर राहावा हा रूढ संकेत आहे. २०,००० च्या मर्यादेत तो ६,००० रुपयांचा होतो. एखाद्या महिन्यात लग्नकार्यामुळे खर्च वाढला, तर बिल निघण्याच्या आधीच थोडी रक्कम भरून टाकावी, म्हणजे बिलावर आणि पर्यायाने अहवालात लहान आकडा जातो. २०२५ च्या जानेवारीपासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणाही पूर्वीपेक्षा लवकर दिसते आणि चूकही.

साधारण सहा महिन्यांच्या नोंदी साठल्या की पहिला आकडा उमटतो. भाच्याचा आकडा सातव्या महिन्यात ७३४ आला. त्या काळात त्याने काय केले, असे विचारले तर उत्तर कंटाळवाणे आहे: दरमहा मोबाइलचे रिचार्ज, जळगाव ते अमळनेर रेल्वेचा पास आणि खोलीवरचा किराणा, आणि दर महिन्याला पूर्ण बिल.

किराण्याबद्दल थोडे अधिक. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. त्यामुळे ज्या दुकानात कार्डाचे यंत्र नाही, पण क्यूआर चिकटवलेला आहे, तिथेही ते चालते. भुसावळच्या बाजारातली मसाल्याची गाडी असो की धुळ्यातले चहाचे दुकान. अट अशी की, तो क्यूआर व्यापारी म्हणून नोंदलेला असावा. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर कार्डाचे पैसे त्यावर जात नाहीत, आणि मित्राला किंवा घरमालकालाही अशा रीतीने पाठवता येत नाहीत. पहिले कार्ड निवडताना रुपेचे मिळत असेल तर आपल्या भागात ते जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

रिवॉर्डचा हिशेब

वर्षभराचे पान स्वच्छ भरले आणि आकडा ७५० च्या आसपास पोहोचला की रिवॉर्ड कार्डाचा विचार करावा. येथे सगळे जाहिरातीच्या भाषेत बोलतात, म्हणून प्रत्येक गोष्ट रुपयांत मांडून पाहावी. 'दर १५० रुपयांना २ पॉइंट' असे वाचले की, एका पॉइंटची किंमत किती, हा प्रश्न विचारावा. ती २५ पैसे असेल, तर १५० रुपयांवर ५० पैसे, म्हणजे शंभराला ३३ पैसे मिळाले. दरमहा ८,००० रुपये खर्च करणाऱ्याला वर्षाच्या ९६,००० वर १,२८० पॉइंट, म्हणजे ३२० रुपये मिळतील. त्या कार्डाचे वार्षिक शुल्क ४९९ रुपये असेल, तर जीएसटीसह ५८९ रुपये भरून ३२० रुपये घेतले असे होते. त्याऐवजी शुल्क नसलेल्या एक टक्का कॅशबॅकच्या कार्डाने तेवढ्याच खर्चावर ९६० रुपये दिले असते. पॉइंट मोडून घेताना काही बँका वेगळे शुल्क लावतात आणि पॉइंटना मुदत असते, हेही त्यात धरावे. नवख्याने पहिले रिवॉर्ड कार्ड आजीव निःशुल्क आणि सरळ कॅशबॅकचे घ्यावे. पॉइंटचे गणित ज्यांना आवडते त्यांनी ते पुढे अवश्य करावे.

पाच टक्क्यांची कार्डे असतात, ती खरीही असतात. मात्र ते पाच टक्के ठरावीक संकेतस्थळांवर आणि महिन्याच्या कमाल मर्यादेत असतात. इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, विमा, सरकारी भरणा यांपैकी बऱ्याच गोष्टींवर बहुतेक कार्डे काहीच देत नाहीत. 'इंधन अधिभार माफ' याचा अर्थ पेट्रोलवर सूट असा नव्हे. कार्डाने पैसे दिल्याबद्दल लागणारा एक टक्का अधिभार परत मिळतो, इतकेच. विमानतळावरच्या आरामकक्षात मोफत प्रवेश मिळतो म्हणून नंदुरबारच्या माणसाने हजारो रुपये वार्षिक शुल्क भरावे का, हे त्याने वर्षात किती वेळा विमानात बसतो ते मोजून ठरवावे.

आता सोने. जळगावात राहून या विषयाला वळसा घालता येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कार्डाने सोने घ्यावे आणि भरघोस पॉइंट मिळवावेत, अशी कल्पना दरवर्षी कोणीतरी माझ्यापुढे मांडतो. एक लाखाच्या दागिन्यावर एक टक्का धरला तरी हजार रुपये मिळतात, आणि तेही त्या कार्डात दागिन्यांची खरेदी वगळलेली नसेल तर. अनेक पेढ्यांवर कार्ड पुढे केले की "दोन टक्के वर लागतील" असे सांगितले जाते, म्हणजे हजार मिळवण्यासाठी दोन हजार द्यायचे. शिवाय सोन्याच्या खरेदीचे हप्ते बँका सहसा पाडून देत नाहीत, त्यामुळे लाखभर रुपये पुढच्या बिलात एकरकमी उभे राहतात. सोने रोकड्या पैशाने, धनादेशाने किंवा खात्यातून थेट घ्यावे. पावती मात्र पक्की घ्यावी.

'नो-कॉस्ट' हप्त्यांमध्येही खर्च असतो. व्याजाएवढी सूट किमतीत दिलेली असते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येते, आणि रोखीने मिळणारी सवलत हातची जाते. दोन्ही किमती विचाराव्यात आणि वजाबाकी करावी.

कार्ड आले की फोनही येऊ लागतात. "मर्यादा वाढवून देतो", "पॉइंट आज संपणार आहेत", "वाहनाचा दंड भरा" असे सांगून ओटीपी मागणारा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवणारा बँकेचा माणूस नसतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार आणि एटीएममधून रोख काढणे हे दोन्ही बंद करून ठेवावे. पैसे गेलेच तर प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि लगोलग १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो. न मागितलेले कार्ड घरी आले तर ते सुरू करू नये. तसे कार्ड पाठवण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, आणि आपल्या संमतीविना मर्यादा वाढवण्यासही. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते; मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

ठेवीचे कार्ड ठेवावे की बंद करावे

दुसरे कार्ड हातात आले की पहिल्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. खात्याचे वय स्कोअरमध्ये धरले जाते आणि दोन कार्डांमुळे एकूण मर्यादा मोठी दिसते, म्हणून पहिल्या कार्डाला शुल्क नसेल आणि ठेवीच्या पैशांची गरज नसेल तर ते तसेच राहू द्यावे आणि दोन-तीन महिन्यांतून एखादी लहान खरेदी त्यावर करावी. काही बँका अशा ग्राहकाला विनंतीवरून ठेवीविना साधे कार्ड देतात. ते खाते तेच राहिले तर सर्वांत उत्तम. बंदच करायचे असेल तर आधी उरलेले पॉइंट वापरावेत, बिल शून्य करावे, त्या कार्डावरच्या आपोआप वजावटी दुसरीकडे हलवाव्यात आणि मग लेखी अर्ज करावा. बाकी काही नसेल तर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद व्हायला हवे. न झाल्यास बँकेला दिवसाला ५०० रुपये कार्डधारकाला द्यावे लागतात.

भाच्याने चौदाव्या महिन्यात निःशुल्क कॅशबॅक कार्ड घेतले आणि विसाव्या महिन्यात, बहिणीच्या फीसाठी पैसे हवे होते म्हणून, ठेवीचे कार्ड बंद केले. कार्ड चौथ्या दिवशी बंद झाले, परंतु ठेवीवरचा तारणाचा बोजा तसाच राहिला, कारण ते काम शाखेने वेगळे करायचे होते आणि त्याचा अर्ज कोणी मागितलाच नव्हता. दोन फेऱ्या झाल्यावर तो उतरला. म्हणून कार्ड बंद करण्याच्या अर्जातच ठेव मोकळी करण्याची मागणी लिहावी, दोन्हींची पोच घ्यावी, आणि साधारण महिनाभराने अहवाल काढून त्या खात्यासमोर 'क्लोज्ड' हा शब्द आणि थकबाकीच्या रकान्यात शून्य आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.